मॉरिटानिया, एकटीने, रस्त्याने: सुरक्षित आहे की नाही हे ठरवायचं कसं?

वाटसरू_नाशिक

नमस्कार मंडळी. येत्या डिसेंबर-जानेवारीत मोरोक्कोतल्या टँजियरपासून सेनेगलमधल्या डाकारपर्यंत जमिनीवरून जायचं मनात आहे. स्वतःची गाडी नाही. बस, शेअर टॅक्सी, जे मिळेल ते. बरोबर कुणी नाही.

मोरोक्को आणि सेनेगलबद्दल वाचायला भरपूर मिळतं. अडतंय ते मधल्या मॉरिटानियापाशी. ब्रिटन आणि फ्रान्सच्या सरकारांचे प्रवासी नकाशे उघडले की देशाचा मोठा भाग लाल रंगाने भरलेला. यूट्यूबवर मात्र कुणी ना कुणी खनिजाच्या मालगाडीवर बसून मजेत निघालेलं असतं. या दोन्हींपैकी एकावर डोळे मिटून विसंबायचं नाहीये.

माझा बेत असा: पश्चिम सहारातलं दाखला शहर, गेरगरात सीमा, नुआधिबू, नुआकशॉत, तिथून आत अतार आणि शिंगेती, परत नुआकशॉत, मग रोसो किंवा दियामाहून सेनेगल. फ्रेंच कामापुरतं येतं, अरबी नाही. जायचं की नाही ते मी ठरवेन. पण ते कशाच्या आधारावर ठरवायचं, कुणाचं ऐकायचं, काय बघायचं, हे जाणकारांनी सांगावं अशी विनंती.

आप्पा

ताई, वयाने मोठा आहे म्हणून स्पष्ट लिहितो. १ जुलै २०२५ ला शेजारच्या मालीत, कायेसच्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीयांना हत्यारबंद टोळीने उचलून नेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात विद्युतीकरणाच्या कामावरच्या आणखी पाच भारतीयांचं अपहरण झालं. भारतीय पासपोर्ट आहे म्हणून कुणी हात लावणार नाही, हा समज त्या दिवसांत संपला. कायेस मॉरिटानियाच्या सीमेपासून फार लांब नाही.

दुसरं विम्याचं. सरकारी सल्ला धुडकावून गेलात तर विमा कंपनी हात वर करू शकते. पॉलिसीत काय काय वगळलंय ते पान आधी वाचा. तुमच्या जागी माझी मुलगी असती तर मी तिला डाकारला विमानाने जा म्हणालो असतो.

अक्षांश_वीस

आप्पांची काळजी रास्त आहे आणि त्यांनी दिलेल्या दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. पण नकाशा काढून बसू या. कायेस ते अतार सरळ रेषेत जवळपास सातशे किलोमीटर. मुंबई-नागपूरएवढं. मॉरिटानिया महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठा देश आहे, आणि "मॉरिटानिया सुरक्षित आहे का" या प्रश्नाला उत्तरच नाही. ठरावीक रस्ता, ठरावीक महिना, ठरावीक वाहन, एवढं सांगितलं की मग उत्तर देता येतं.

मी एका भारतीय कंपनीच्या वीजवाहिनीच्या कामावर नुआधिबू आणि नुआकशॉतच्या मधल्या पट्ट्यात राहिलो आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी इतिहास, कारण लाल रंग तिथून आलाय. २४ डिसेंबर २००७ ला नुआकशॉतच्या आग्नेयेकडच्या अलेग गावाजवळ चार फ्रेंच पर्यटकांची हत्या झाली. त्यापायी २००८ ची डाकार रॅली, म्हणजे वाळवंटातली मोटार शर्यत, रद्द झाली आणि पुढच्या वर्षीपासून ती दक्षिण अमेरिकेत गेली. नोव्हेंबर २००९ मध्ये तीन स्पॅनिश मदत कार्यकर्त्यांना पळवलं, आणि ते ताई, तुम्ही ज्या रस्त्याने जाणार त्याच नुआधिबू-नुआकशॉत रस्त्यावर. म्हणजे "किनाऱ्याचा रस्ता कायमच सुरक्षित होता" असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही.

त्यानंतर तिथल्या सरकारने सैन्याची नवी फिरती पथकं उभी केली, पूर्वेकडच्या वाळवंटात उंटांवरून गस्त घालणारे जवान वाढवले, ईशान्येचा मोठा भाग नागरिकांना बंद केला आणि रस्त्यारस्त्यावर चौक्या बसवल्या. २०११ नंतर देशाच्या भूमीवर दहशतवाद्यांचा मोठा हल्ला झालेला नाही. मार्च २०२३ मध्ये नुआकशॉतच्या तुरुंगातून चार कैदी पळाले तेव्हा रक्त सांडलं, पण काही दिवसांतच त्यांना अद्रारच्या, म्हणजे अतार-शिंगेतीच्या भागातल्या, डोंगरांत गाठलं गेलं. फ्रान्सने २०१७ मध्ये अतार-शिंगेतीचा पट्टा लाल रंगातून काढला आणि पॅरिसहून अतारला पर्यटकांची विमानं पुन्हा सुरू झाली. नकाशावर नुसता रंग बघू नका. तो कधी बदलला आणि कशामुळे बदलला, ते शोधा. ज्या भागाचा रंग अलीकडे गडद झालाय तिथे पाऊल टाकू नका. आज तो भाग म्हणजे मालीला लागून असलेला आग्नेय कोपरा (बासिकनू, नेमा) आणि दक्षिणेला कायेससमोरची सीमा. तुमच्या बेतात यातलं काहीच नाही.

चौक्यांबद्दल. तिथे "फिश" हा शब्द दिवसातून दहादा ऐकाल. तुमचं नाव, पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, व्यवसाय, कुठून कुठे, एवढं लिहिलेला कागद. घरूनच तीसेक प्रती छापून न्या. रस्त्यात तेलाची पिंपं आडवी लावलेली असतात, बाजूला पत्र्याची खोपटी. आतला जांदार्म, म्हणजे तिथला निमलष्करी पोलीस, डोक्या-तोंडाला फडकं गुंडाळून बसलेला, फक्त डोळे उघडे. तो फिश घेतो, वहीत उतरवतो, वाऱ्याने उडू नये म्हणून दगडाखाली ठेवतो. "हिंदी?" असं विचारतो, म्हणजे भारतीय का. कधी पुढच्या चौकीला फोन करून सांगतो की अमुक गाडीत एक हिंदी बाई आहे. सुरुवातीला हा जाच वाटतो. पण एकटीने जाणाऱ्या माणसाची ही आयतीच नोंद असते. शेवटचं कुठे पाहिलं, किती वाजता पाहिलं, हे त्या वहीत असतं. चौक्या चुकवून आतल्या वाटेने नेतो म्हणणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत मात्र कधीही बसू नका.

आता मुख्य गोष्ट, प्रश्न विचारायचा कसा. "पुढचा रस्ता ठीक आहे ना?" असं विचारलंत तर शंभरातले शंभर जण हो म्हणतील. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही ही तिथली रीत आहे, आणि ओबेर्जच्या (प्रवाशांच्या साध्या मुक्कामाच्या जागेच्या) मालकाला तुम्ही पुढे जायला हव्याच असता. त्याऐवजी असं विचारा: काल इथून कोण गेलं? किती वाजता पोचलं? तू स्वतः रात्री ही गाडी नेतोस का? तुझी बहीण या गाडीने एकटी जाते का? चौकीवाले परदेशी माणसाला कुठपर्यंत सोडतात? या प्रश्नांना हो म्हणून सुटता येत नाही, काहीतरी माहिती द्यावीच लागते. तीन वेगळ्या माणसांना विचारा: एक ड्रायव्हर, एक दुकानदार, एक वर्दीतला. तिघांचं जुळलं तर जा. ड्रायव्हर म्हणतो चला आणि वर्दीवाला गप्प राहतो, तर त्या दिवशी मुक्काम वाढवा.

मस्कतकर

अक्षांश, फार मोलाचं लिहिलंत. मी ओमानात बरीच वर्षं आहे, मॉरिटानियात गेलेलो नाही, पण वाळवंट थोडंफार ओळखतो. इथे गुन्हेगारी जवळजवळ नाही, तरी वाळवंटात माणसं मरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये सौदीच्या रब-अल-खालीत तेलंगणाचा एक तरुण आणि त्याचा सुदानी सहकारी गेले. रस्ता चुकला, पेट्रोल संपलं, मोबाइलची बॅटरी संपली. दोघे गाडीपाशीच सापडले.

ताई डिसेंबरात जाताहेत म्हणजे उन्हाचा निम्मा धोका टळला. अद्रारमध्ये मे ते सप्टेंबर पारा अनेकदा चाळिशी ओलांडतो. डिसेंबरात उलट रात्री कुडकुडायला होतं. तरीही प्रत्येक टप्प्याला पाच लिटर पाणी स्वतःजवळ हवंच. गाडीच्या टपावर नको, पायाशी ठेवा. टपावरचं सामान दुसऱ्या गाडीत गेलं की पाणीही जातं.

गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. दूरवरून गाडी दिसते, चालणारा माणूस दिसत नाही. वाळूत रुतली आणि ड्रायव्हर नुसताच अ‍ॅक्सिलरेटर दाबत बसला, तर समजा त्याला वाळूची सवय नाही. जाणता माणूस आधी खाली उतरून टायरची हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवतो. शिंगेतीकडे जाण्याआधी गाडीत हवा भरायचा पंप आणि फावडं आहे का ते डोळ्यांनी बघा. ड्रायव्हर कसा आहे ते पंप बघितलं की कळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्रीचा प्रवास नको. सूर्य मावळला की वाळू झपाट्याने गार होते, डांबर उबदार राहतं आणि उंट त्यावर येऊन बसतात. उभा असला तर हेडलाइटच्या उजेडात उंटाचे फक्त पाय दिसतात, धड बोनेटवर येतं. इथे ओमानात असे अपघात पाहिलेत.

डॉ_शर्वरी

दोन गोष्टी, दोन्ही कंटाळवाण्या पण टाळता न येणाऱ्या.

पीतज्वराची लस. भारत सरकारच्या यादीत मॉरिटानिया आणि सेनेगल दोन्ही देश आहेत. परतताना पिवळं प्रमाणपत्र नसेल तर भारतीय विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच ही लस मिळते आणि नंबर लावावा लागतो, त्यामुळे ऑक्टोबरातच उरकून घ्या. सेनेगल नदीच्या खोऱ्यात मलेरिया आहे, त्याच्या गोळ्यांबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला.

दुसरं, नुआकशॉतच्या बाहेर गंभीर जखमेवर उपचार मिळणं अवघड. मोठा अपघात झाला तर रुग्णाला डाकारला किंवा कॅनरी बेटांवर विमानाने हलवतात. विमा घेताना बाकी सगळं सोडा, हवाई स्थलांतराची रक्कम किती आहे ते बघा. आणि आप्पांनी म्हटलंय तसं, मॉरिटानिया पॉलिसीत धरलाय का हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचं "हो मॅडम" उपयोगाचं नाही.

भटकी_मीनल

मी हा प्रवास केलाय, एकटीनेच, त्यामुळे बाई म्हणून काय ते सांगते.

शेअर टॅक्सीत मागे चार आणि पुढे ड्रायव्हरशेजारी दोन असं माणसांना कोंबतात. गराजमध्ये, म्हणजे शेअर टॅक्सीच्या अड्ड्यावर, गेल्या गेल्या पुढच्या दोन्ही जागांचे पैसे देऊन टाका. पैसे जास्त जातात, पण सात-आठ तास अनोळखी खांदा अंगावर नको असेल तर हाच उपाय. ते परवडत नसेल तर ज्या गाडीत आधीच बायका बसल्या आहेत ती निवडा आणि त्यांच्यात बसा. तिथल्या बायका लगेच सांभाळून घेतात. मला शेजारच्या बाईने अर्ध्या वाटेत स्वतःची मेलाह्फा कशी बसवायची ते शिकवलं. एकच लांब कापड, डोक्यावरून घेऊन अंगाभोवती. बाजारात एक घ्याच. धूळ, ऊन आणि नजरा, तिन्हींना आडोसा होतो.

पुरुष लग्नाचं विचारतात. बहुतेक वेळा गमतीने, कधी चिकाटीने. मी "नवरा नुआकशॉतला वाट बघतोय" म्हणायचे आणि फोन कानाला लावायचे. ओबेर्जमध्ये खोलीला आतून कडी आहे का हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पुढच्या गावच्या ओबेर्जवाल्याचा नंबर आधीच्या ओबेर्जवाल्याकडून घ्या आणि त्यालाच फोन लावायला सांगा. म्हणजे तुम्ही येणार हे पुढे ठाऊक असतं, आणि पोचला नाहीत तर कुणीतरी विचारतं.

दारू नेऊ नका, तिथे बंदी आहे. धर्माबद्दल वाद नको. ड्रोन घरी ठेवा, मोरोक्कोच्याच कस्टमला जप्त होतो. चौकी, जांदार्म, लष्करी गाडी यांचा फोटो काढायचा नाही. त्रास होतो तो यामुळेच.

वाटसरू_नाशिक

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! मनापासून आभार. तीन शंका.

१. नेटवर्क नसेल तिथे वापरायला सॅटेलाइट मेसेंजर घेऊ का? छोटा येतो तो.
२. झुएरात-नुआधिबू ही खनिजाची मालगाडी. खूप इच्छा आहे. वेडेपणा होईल का?
३. आईला काय सांगून जाऊ? ती रोज फोनची वाट बघेल.

अक्षांश_वीस

१. भारतातून नेऊ नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा असा मेसेंजर जवळ बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका कॅनडियन धावपटू बाईंना अशा यंत्रावरून थांबवलं होतं. घेऊन परत आलात तरी मुंबईला अडचण. तुमच्या बेतातले रस्ते वाहते आहेत, दिवसभर गाड्या असतात. स्थानिक सिम आणि दोन पॉवर बँक पुरतात. ज्या टप्प्याला सॅटेलाइट यंत्राची गरज वाटेल असा टप्पा एकटीने घ्यायचाच नाही, असं मी म्हणेन.

२. ती गाडी १९६३ पासून धावते, ७०४ किलोमीटर, लांबी दोन किलोमीटरहून जास्त. तिथे दहशतवाद्यांची भीती नाही, धोका गाडीचाच आहे. सुटताना आणि थांबताना डब्यांना असा हिसका बसतो की काठावर बसलेला माणूस खाली जाईल. खनिजाची भुकटी डोळ्या-फुफ्फुसात जाते, रात्री हाडं गोठतात, आणि मधे काही झालं तर उतरून जाणार कुठे? वाटेत काही भागात रूळ पश्चिम सहाराच्या हद्दीला लागून जातात, तिकडे भूसुरुंग आहेत. मनाई-परवानगीचे नियमही बदलत असतात. एकटीने मालडब्यात नको. रुळावरच्या शूम गावी दिवसाउजेडी उभं राहून गाडी जाताना बघा. तेही विसरण्यासारखं नसतं.

सुरुंगांवरून आठवलं. गेरगरातला मोरोक्कोची चौकी आणि मॉरिटानियाची चौकी यांच्यात काही किलोमीटरचा पट्टा आहे, तिथेही युद्धकाळातले सुरुंग आहेत. मोरोक्को आणि पश्चिम सहाराच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी पोलिसारिओ संघटना यांच्यातली १९९१ ची शस्त्रसंधी नोव्हेंबर २०२० मध्ये तिथेच मोडली. आता रस्ता सुधारलाय आणि ट्रकांची रांग असते. पण रस्ता सोडून दहा पावलंही बाजूला जायचं नाही. लघवीलासुद्धा नाही. चौकीवर सकाळी पोचा, रात्री सीमा बंद असते. आणि २०२५ पासून मॉरिटानियाचा व्हिसा आधी ऑनलाइन मंजूर करून घ्यावा लागतो, पूर्वीसारखं सीमेवर जाऊन बघू असं चालत नाही.

आप्पा

तिसऱ्याचं मी सांगतो, तो माझा प्रांत. आईला "रोज फोन करेन" असा शब्द देऊ नका. एक दिवस नेटवर्क गेलं की घरात रात्र जागून काढतील. त्याऐवजी तारखांचा कागद द्या. अमुक तारखेला अतार, अमुक तारखेला परत नुआकशॉत. ठरल्या तारखेला रात्रीपर्यंत निरोप नाही आला तरी गप्प राहायचं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही नाही आला तर ओबेर्जला फोन, आणि संध्याकाळपर्यंत काहीच कळलं नाही तर दूतावासाला. नंबर त्याच कागदावर. नुआकशॉतमध्ये आता भारताचा स्वतःचा दूतावास आहे. २०२१ च्या आधी मालीतून कारभार चालायचा. जायच्या आधी त्यांना ईमेल करून बेत कळवा.

माझं मत बदललेलं नाही, डाकारला विमान जातं. पण जाणारच असाल तर हे एवढं करून जा. आणि एक मागणं: परत फिरायचं कधी, हे इथेच लिहून ठेवा. तिथे गेल्यावर पैसे भरलेले असतात, सोबतचे चला म्हणत असतात, तेव्हा बुद्धी चालत नाही.

वाटसरू_नाशिक

आप्पा, तुमचा शब्द पाळते, इथेच लिहिते. अंधार पडायच्या आत पोचणार नाही असं दिसलं तर निघणार नाही. अतारला पोचल्यावर वर्दीवाले किंवा गराजवाले शिंगेतीबद्दल कचरले तर तिथूनच परत. मालीच्या सीमेकडे, अलेगच्या पुढे कुठेही नाही, कुणी कितीही छान गाव सांगितलं तरी. निघायच्या आठवड्यात तटावरच्या रस्त्यावर किंवा अद्रारमध्ये एकही अपहरण किंवा हल्ला झाल्याची बातमी आली तर दाखलाहून परत कासाब्लांकाला आणि विमानाने डाकार. मालगाडीचा हट्ट सोडला.

मीनल, पुढच्या दोन जागांचं लक्षात ठेवते. आता शेवटचं राहिलं: रोसो की दियामा? रोसोला दलाल फार छळतात असं वाचलं.

भटकी_मीनल

छळतात हे खरं. पण दियामाला सार्वजनिक वाहनं फार कमी, तो रस्ता स्वतःची गाडी असलेल्यांसाठी बरा. तुम्हाला रोसोच सोयीचं.

नुआकशॉतहून पहाटेची पहिली गाडी धरा, दोनशे किलोमीटर आहे. उतरल्याबरोबर चार जण पासपोर्ट मागतील, आपण अधिकारी आहोत असं भासवतील. पासपोर्ट फक्त खिडकीमागच्या वर्दीवाल्याच्या हातात, आणि तो परत मिळेपर्यंत तिथून हलायचं नाही. पैसे नुआकशॉतमध्येच बदलून घ्या. तिथे २०१८ मध्ये चलनातून एक शून्य काढलं, पण बरेच लोक अजून जुन्या हिशेबाने आकडा बोलतात, त्यामुळे प्रत्येक वेळी "नवे की जुने?" असं विचारा. फेरी दुपारी बराच वेळ बंद असते, म्हणून सकाळी पोचायचं. होडीवाले बोलावतात, पण फेरीनेच जा. पलीकडे शिक्का मिळाला की गराजमध्ये सेंट लुईची शेअर टॅक्सी उभी असते, शंभरेक किलोमीटर. सामानाचे पैसे वेगळे मागतील, ते बसायच्या आधी ठरवून घ्या.